कल्की भाग २ : यास्किन हाच खलनायक, की तो नुसतं कलीचं घर?

तलावपाळीकर (ठाणे) | गुरुवार, रात्री ११.४०

पहिला भाग पाहिला नसेल तर पुढे वाचू नका. शेवटापासूनच सुरुवात करतोय.

काल घरी 'कल्की २८९८ एडी' परत लावला, चौथ्यांदा. पहिल्यांदा पाहिला तो २७ जून २०२४ ला, गुरुवारीच. स्टेशनपासून थिएटरपर्यंत पावसात चिंब भिजून, रात्रीच्या शोला. तेव्हापासून शेवटची काही मिनिटं डोक्यातून गेलेली नाहीत. तोवर कमल हासनचा यास्किन, म्हणजे काशीवर तरंगणाऱ्या कॉम्प्लेक्स या शहराचा सत्ताधीश, नळ्यांमध्ये अडकवलेलं वाळकं कातडं आहे, माणूस म्हणावा असं काही उरलेलं नाही. कल्कीला पोटात वाढवणाऱ्या सुमतीच्या गर्भातून काढलेल्या अर्काचा एक थेंब तेवढा वाचलेला असतो. तो थेंब अंगात जातो, सुरकुत्या मावळतात, कणा ताठ होतो आणि हा माणूस उठून गांडीव उचलतो. अर्जुनाचं गांडीव! त्या रात्री बाहेर पडल्यावर आम्ही चौघं तलावपाळीच्या कट्ट्यावर एक वाजेपर्यंत बसलो होतो आणि बोलणं फक्त यावरच चाललं होतं.

दुसऱ्या भागाचा खलनायक यास्किनच, असं सगळेच धरून चाललेत. मला तसं वाटत नाही. यास्किन हे घर आहे, राहणारा दुसरा आहे.

कल्की ज्याच्यासाठी जन्म घेतो तो कली. पहिल्या भागात कलियुग जिकडेतिकडे आहे, पण कली म्हणून कुणी समोर आलेला नाही. आपल्या भाषेत या कलीसाठी क्रियापद ठरलेलं आहे बघा. भाऊभाऊ वाटणीवरून कोर्टात गेले की शेजारी म्हणतात, 'त्या घरात कली शिरला'. कली आला किंवा कलीने हल्ला केला असं कुणी म्हणत नाही. तो शिरतो, आणि शिरायला फट लागते.

नळदमयंतीच्या गोष्टीत हेच आहे. दमयंतीने देवांना सोडून नळाला वरलं म्हणून कली चिडला आणि बारा वर्षं नुसता टपून बसला. नळात खोट सापडेना. शेवटी एके दिवशी नळ लघवीला जाऊन आला आणि पाय न धुताच संध्येला बसला. तेवढीच फट. कली आत गेला आणि नळ फासे घेऊन बसला. राज्य गेलं, अंगावरचं वस्त्रसुद्धा गेलं.

म्हणून माझा प्रश्न असा की दुसऱ्या भागात कली कुणात शिरेल? यास्किनमध्ये तो आधीपासून असेल, तर थेट लढाईच्या वेळी तो तिथेच बसून राहील का? माझं उत्तर भैरव, म्हणजे आपला नायक प्रभास. का ते नंतर लिहितो, आधी तुमचं ऐकू दे.

खाडीपलीकडे (ऐरोली) | गुरुवार, रात्री १२.०५

धागा आवडला पण पटलं नाही.

तीन तासांच्या सिनेमात कमल हासनला काही मिनिटं दिली, तीसुद्धा ओळखू येणार नाही अशा रूपात. आपलं खरं काम दुसऱ्या भागात सुरू होतं, हे त्याने स्वतः सांगितलंय. एवढी तयारी करून पुढच्या भागात 'खरा खलनायक हा नव्हेच, एक न दिसणारी शक्ती आहे' असं सांगितलं तर मी खुर्चीतून उठून जाईन. न दिसणाऱ्या शक्तीशी लढाई पडद्यावर उभी करता येत नाही. समोर चेहरा लागतो.

आणि तो चेहरा त्यांनी फार विचार करून उभा केलाय. धनुष्यं कुणाकडे गेली ते पाहा. अश्वत्थाम्याच्या हातातली काठी भैरवाच्या हाताला लागली, तो कर्णाचा पुनर्जन्म निघाला आणि तिचं विजय धनुष्य झालं. म्हणजे कर्णाचं धनुष्य नायकाकडे आणि अर्जुनाचं खलनायकाकडे. महाभारतात जी बाजू धर्माची, तिचं हत्यार आता कॉम्प्लेक्सच्या माथ्यावर. कर्ण आणि गांडीव पुन्हा समोरासमोर येणार, फक्त या वेळी बाजू उलट. यापेक्षा मोठी लढाई कली आणून काय मिळणार?

जुना वाचक (नौपाडा) | शुक्रवार, सकाळी ६.५०

पहाटे उठून वाचलं. दोघांचंही म्हणणं विचार करण्यासारखं आहे. वयामुळे थोडं विस्ताराने लिहितो, सांभाळून घ्या.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण नेटवर रोमन लिपीमुळे फार घोळ झालाय. काली ही देवी. कली हा कलियुगाचा अधिपती. कल्की हा विष्णूचा दहावा अवतार. या तिन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'काली व्हिलन आहे का' असं विचारणारी पोरं पाहिली की जीव कळवळतो.

कल्किपुराणात कल्कीचं गाव शंभल, वडील विष्णुयश आणि आई सुमती. दिग्दर्शक नाग अश्विनने आईचं नाव तेच ठेवलं, गावही तेच. म्हणजे पोथी त्याने वाचली आहे. त्याच पुराणात कलीची वंशावळ दिली आहे. अधर्मापासून सुरुवात होते, पुढे क्रोध आणि हिंसा यांच्या पोटी कली जन्मतो. त्याची बायको कोण, तर दुरुक्ती. वाईट बोलणं! मला ही कल्पना फार मोठी वाटते. कलीच्या सैन्यात कोक आणि विकोक असे जुळे आहेत. एक मेला की दुसरा त्याला नुसत्या नजरेने उठवतो, म्हणून दोघांना एकाच वेळी मारावं लागतं. सेनापती मानस पहिल्या भागात गेला, ती जागा आता रिकामी आहे. कोक-विकोक यावेत असं मला मनापासून वाटतं.

यास्किन या नावाबद्दल. निरुक्त लिहिणारे यास्क आपल्याला ठाऊक आहेत. शब्दाचं मूळ शोधणारा पहिला मोठा माणूस. दिग्दर्शकाच्या मनात ते होतं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण सृष्टीचं मूळ हुडकून काढायला निघालेल्या माणसाला हे नाव शोभतं.

आता गांडीव. खाडीपलीकडे, तुझा मुद्दा चांगला आहे, पण महाभारताच्या शेवटी गांडिवाचं काय झालं ते विसरू नकोस. द्वारका बुडाल्यावर अर्जुन यादवांच्या बायकामुलांना घेऊन निघाला, वाटेत आभीरांनी लुटलं. त्या वेळी गांडिवाला दोरी चढवताना अर्जुनाची दमछाक झाली. बाण संपले, अस्त्रं आठवेनात. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नीने गांडीव परत मागितलं, कारण ते वरुणाकडून आणलेलं होतं, आणि अर्जुनाने ते पाण्यात सोडलं. ज्या धनुष्याने शेवटी अर्जुनाचंही ऐकलं नाही, ते यास्किनचं किती दिवस ऐकणार?

एक हिशेबही देतो. कलियुगाचा आरंभ परंपरेने इ.स.पू. ३१०२ मानतात. त्यात २८९८ मिळवा, सहा हजार होतात. मध्ये शून्य साल नाही म्हणून खरं तर एक कमी, पण ते असू दे. शास्त्राप्रमाणे कलियुग ४,३२,००० वर्षांचं. म्हणजे सिनेमातला कल्की युगाच्या बहात्तराव्या हिश्शालाच येतोय. इतक्या लवकर यावं लागलं, तर तसं कारणही हवं. ते कारण एकटा म्हातारा शास्त्रज्ञ असेल असं मला वाटत नाही. कलीकडे माझा कल आहे.

लॅबवाली (कळवा) | शुक्रवार, दुपारी ३.१५

नाइट करून झोपले होते, आता उठून वाचलं. काका, तुमचं सगळं वाचायला आवडलं. पण मला या कली-प्रकरणाचा राग येतोय आणि तो इथे लिहिते.

मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी वॉर्डातून रक्ताच्या नळ्या येतात. जांभळ्या बुचाची सीबीसीला, करड्या बुचाची साखरेला. प्रत्येक नळीवर पेशंटचं नाव लागतं. नाव नसेल तर ती नळी आम्ही घेत नाही, परत पाठवतो. वॉर्डातून फोनवर कितीही ओरडोत, 'अहो, पेशंट एकच आहे त्या खाटेवर' म्हणोत, तरी नाही घेत. बिननावाचं रक्त कुणाचंच नसतं, त्यावरून कुणाला औषध देता येत नाही. रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यात हे शिकवलं गेलं आणि आजही हाताला तेच वळण आहे.

आता त्या सिनेमातली लॅब आठवा. ओळीने गर्भार बायका आणि नावाच्या जागी आकडे. सम-८०. तिचं सुमती हे नाव बाहेर पडल्यावर होतं. थिएटरात तो भाग बघताना माझे हात गार पडले होते. तिथली माणसं सराईत आहेत, आपलं रोजचं काम करतायत, कुणाच्या चेहऱ्यावर राक्षसीपणा नाही. जितका अर्क निघेल तितका काढायचा, बाई संपली की पुढची. हे कुणी ठरवलं? यास्किनने. डोकं शाबूत असलेल्या एका माणसाने, विचार करून.

आणि तुम्ही म्हणताय त्याच्यात कली शिरला होता. म्हणजे तो सुटला. 'मी नाही केलं, अंगात आलं होतं.' बायकोला मारणारे नवरे दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या बाहेर हेच सांगत असतात, दारू अंगात होती म्हणून. मला यास्किन माणूसच राहायला हवाय. त्याने केलेलं त्याच्याच नावावर लागू दे.

खाडीपलीकडे (ऐरोली) | शुक्रवार, दुपारी ३.४०

ताई, हे मला सुचलं नव्हतं. माझं मत तेच होतं पण कारण किती लहान होतं ते आता कळलं. शंभर टक्के सहमत.

तलावपाळीकर (ठाणे) | शुक्रवार, संध्याकाळी ७.३०

लॅबवाली ताई, ऑफिसात तुमची पोस्ट वाचली आणि गाडीत उभ्याने तीच डोक्यात घोळत होती. नळीवरच्या नावाचं जे लिहिलंत त्यावर मला काही बोलायचं नाही, ते तसंच आहे.

पण कली शिरला म्हणजे माणूस सुटला, असं जुन्या गोष्टीत नाही. नळाचंच बघा. कली त्याच्यात शिरला हे महाभारत सांगतं, फाशांमध्ये द्वापर शिरला हेही सांगतं, पण वनात झोपलेल्या दमयंतीला टाकून जातो तो नळच. तो चार पावलं जातो, परत येतो, पुन्हा जातो. ते त्याचे पाय आहेत. पुढे त्याला सगळं भोगावं लागतं, रूप जातं, दुसऱ्याच्या घरी सारथी म्हणून राहतो. कली बाहेर कधी पडतो? ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या शिकल्यावर. म्हणजे ज्या गोष्टीने पाडलं तीच नीट समजून घेतल्यावर. कली माफी देत नाही, कुठून आत आला तेवढं दाखवून जातो.

(आत्ता आठवलं. नळातून निघालेला कली बेहड्याच्या झाडात जाऊन बसला. आमच्या लहानपणी येऊरला गेलो की आई बेहड्याखाली डबा उघडू द्यायची नाही. का ते तिलाही माहीत नव्हतं.)

यास्किनला सोडून द्या असं माझं म्हणणं नाही. उलट मला भीती वाटते ती अशी : सगळं पाप यास्किनच्या डोक्यावर ठेवलं, तो मेला, टाळ्या झाल्या, की आपण मोकळे. भैरवाने पहिला भागभर काय केलं? दहा लाख युनिट (तिथला पैसा) मिळवून कॉम्प्लेक्समध्ये जायचं, बस्स. सुमतीला पकडून द्यायलाच तो निघाला होता. तो आपला लाडका, म्हणून आपण ते विसरलो. माझ्या मते कली तिथूनच शिरेल.

खारघरचा पाऊस (नवी मुंबई) | शुक्रवार, रात्री ९.१०

पहिल्यांदाच लिहितोय, बरेच दिवस वाचक आहे.

आमच्या मजल्यावर समोर एक तेलुगू कुटुंब राहतं. त्यांच्याबरोबर मी मूळ तेलुगूत पाहिला, ते शेजारी बसून समजावत होते. शेवटी यास्किन जे बोलतो त्यात जगन्नाथाच्या रथाची चाकं येतात. समोरचे काका खुर्चीत एकदम पुढे सरकले. म्हणाले, या तर श्रीश्रींच्या ओळी! श्रीश्री म्हणजे तेलुगूतले फार मोठे क्रांतिकारी कवी. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून कवितांचं पुस्तक काढलं आणि ती सबंध कविता मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. पडलेल्यांनो, रगडल्या गेलेल्यांनो, रडू नका, जगन्नाथाचा रथ तुमच्यासाठी निघाला आहे, अशा भावाची ती कविता आहे. गरिबांच्या बाजूची. ती वाचताना काकांचा आवाज भरून आला होता. कॉलेजात असताना मोर्च्यात म्हणायचो म्हणाले.

आणि ती म्हणतो कोण? ज्याने गंगा आटलेल्या काशीच्या डोक्यावर सगळं पाणी, सगळी हिरवळ वर ओढून घेतली तो. म्हणून मला वाटतं यास्किन स्वतःला खलनायक समजतच नाही. माणूसजात बिघडली आहे, ती मी नव्याने घडवणार, तोच माझा रथ, असं त्याला मनापासून वाटतं. रथाखाली कोण येतंय हे त्याला दिसत नाही. कली असो नसो, दुसऱ्या भागात त्याला भरपूर बोलू द्यावं. त्याचं म्हणणं क्षणभर पटलं पाहिजे, तरच तो भयंकर वाटेल.

लॅबवाली (कळवा) | शुक्रवार, रात्री ९.२५

खारघरकर, स्वागत. हे फार मोलाचं सांगितलंत. मला हाच यास्किन हवाय.

घोडबंदर रोड (ठाणे) | शुक्रवार, रात्री १०.००

पण सुमती कोण करणार ते आधी ठरू दे ना! दीपिका पुढच्या भागात नाही, हे निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५ मध्येच जाहीर केलं. चेहराच बदलणार असेल तर मी म्हणतो गोष्टीतच बदलून टाका. यास्किनच्या लोकांनी तिचं रूप बदललं, असं काहीतरी.

लॅबवाली (कळवा) | शुक्रवार, रात्री १०.१२

नको. तिच्या शरीरावर पुन्हा यास्किनचा हात नको. दुसरी अभिनेत्री सरळ येऊ दे, प्रेक्षक पाच मिनिटांत स्वीकारतील. नाटकात नाही का आपण स्वीकारत? गडकरी रंगायतनला एकाच नाटकातल्या एकाच भूमिकेत मी तीन वेगवेगळ्या बायका पाहिल्यात आणि तिन्ही वेळा रडले.

जुना वाचक (नौपाडा) | शनिवार, सकाळी ६.३०

रात्री झोप लागली नाही. लॅबवाली बाईंचं आणि तलावपाळीकरांचं, दोन्ही डोक्यात होतं. मग एक गोष्ट लक्षात आली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला भाग कुठून सुरू होतो? अश्वत्थामा उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो तिथून. कृष्ण त्या गर्भाला वाचवतो आणि अश्वत्थाम्याला शाप देतो. इथवर सगळ्यांना आठवतं. पण वाचलेलं ते मूल कोण? परीक्षित. आणि परीक्षिताने पुढे काय केलं?

भागवताच्या पहिल्या स्कंधात आहे. परीक्षित राजा दिग्विजयाला निघालेला असताना त्याला एक माणूस दिसतो. वेष राजाचा, हातात काठी, आणि एका पायावर उभ्या असलेल्या बैलाला आणि दीनवाण्या गाईला तो मारतोय. बैल म्हणजे धर्म, गाय म्हणजे पृथ्वी, मारणारा कली. परीक्षित तलवार उपसतो. कली राजवेष टाकून पायांवर पडतो. शरण आलेल्याला मारायचं नाही, म्हणून राजा त्याला सोडतो आणि माझ्या राज्यातून चालता हो म्हणतो. कली म्हणतो, महाराज, जिथे जावं तिथे तुमचंच राज्य, मग मी राहू कुठे? तेव्हा परीक्षित त्याला जागा नेमून देतो. जुगार, दारू, व्यभिचार, हिंसा. एवढ्याने भागत नाही, अजून एक द्या म्हणतो. मग राजा देतो सोनं.

कोपिनेश्वराच्या देवळात लहानपणी ऐकलेल्या कीर्तनात बुवा पुढचं सांगायचे. राजाच्या डोक्यावर मुकुट सोन्याचा. दिलेल्या शब्दाप्रमाणे कली त्याच क्षणी मुकुटात जाऊन बसला. म्हणूनच एवढ्या पुण्यवान राजाला ध्यानस्थ ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकायची बुद्धी झाली. मुकुटाचं हे भागवतात नाही, कीर्तनकारांचं आहे. पण बुवा स्वतःच्या पगडीला हात लावून तो प्रसंग सांगत आणि आम्ही पोरं आपापल्या टोप्या काढून बघायचो.

आता जोडून पाहा. ज्या गर्भाला मारायला अश्वत्थामा धावला, तोच गर्भ मोठा होऊन कलीला राहायला जागा देतो. आणि सिनेमात तोच अश्वत्थामा दुसऱ्या एका गर्भाची राखण करतोय. परीक्षिताचा प्रसंग पहिल्या भागात नाही. दुसरा भाग तिथून सुरू व्हावा.

तलावपाळीकर (ठाणे) | शनिवार, सकाळी ८.०५

काका, चहा हातात तसाच गार झाला.

सोनं! सिनेमात सोन्याच्या जागी युनिट आहेत. कलीची पाचवी जागा तीच आणि भैरवाची भूकही तीच. कॉम्प्लेक्समध्ये जायला दहा लाख युनिट लागतात, म्हणजे त्या दारावरच कली बसलाय. जुगार, दारू आणि हाणामारी त्या खालच्या काशीत आहेच. पाचातल्या चार जागा तयार आहेत. भैरव दुसऱ्या भागात आपण कर्ण आहोत हे जाणतो आणि तरीही युनिटच्या मोहात पडतो, असं झालं तर? कर्णाचंही तेच झालं ना. दानशूर, तेजस्वी, पण दुर्योधनाने दिलेल्या राज्याच्या ओझ्याखाली चुकीच्या बाजूला उभा राहिलेला. कर्णावर आपल्याकडे लोकांचा इतका जीव की त्याची ही बाजू कुणी बोलत नाही.

लॅबवाली (कळवा) | शनिवार, सकाळी ९.२०

ड्युटीवरून आत्ताच आले. काकांची पोस्ट बसमध्ये वाचली, दोनदा.

माझं मत बदललेलं नाही, पण एक गोष्ट कामाच्या अंगाने सांगते. यास्किनला मिळाला एकच थेंब. बाहेरून शरीरात टाकलेली कोणतीही गोष्ट पुरते तेवढीच पुरते. इन्सुलिन पुरतं तसं, चढवलेलं रक्त पुरतं तसं. म्हणजे तो ताठ उभा आहे तो मोजक्या वेळापुरता. त्याला दुसरा थेंब लागणार, आणि तो फक्त सुमतीकडे आहे. त्याची घाई इथून येते. नवीन जग वगैरे बोलेल, पण आतून तो डोस चुकलेल्या पेशंटसारखा असेल. रोज आरशात सुरकुती परत आली का ते बघणारा.

आणि दुसरं. तो थेंब त्या बाळाचा आहे. म्हणजे यास्किनच्या अंगात आता कल्कीचा अंश खेळतोय. एका थेंबापुरतं का होईना, तो त्याचा नातलग झाला. कली बाहेरून आणण्यापेक्षा मला हे जास्त भीतिदायक वाटतं. गांडीव त्याला उचलता आलं ते त्याच्या बळावर की त्या बाळाच्या?

खाडीपलीकडे (ऐरोली) | शनिवार, सकाळी ९.४५

ताई!! काकांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की. गांडीव यास्किनचं ऐकत नाहीये, ते थेंबाचं ऐकतंय. थेंब संपला की लढाईच्या मध्यावर धनुष्य जड होणार, जसं अर्जुनाला झालं. तो प्रसंग मला आत्ताच डोळ्यांसमोर दिसतोय. समोर भैरव विजय धनुष्य ताणून उभा आणि यास्किनच्या हातातून गांडीव इंच इंच खाली चाललंय.

दिव्याची गाडी (दिवा, ठाणे) | शनिवार, दुपारी १.३०

दोन दिवस वाचतोय. तुम्ही भैरवाबद्दल बोलताय, यास्किनबद्दल बोलताय. मला अश्वत्थाम्याबद्दल लिहायचंय.

माझं आजोळ नंदुरबार जिल्ह्यातलं. तिथे धडगावच्या बाजूला सातपुड्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे. दिवाळीत आदिवासी बांधव हजारोंनी तो डोंगर रात्रभर चढतात, अश्वत्थाम्याच्या यात्रेला. मामा जाऊन आलाय. डोंगरात वाट चुकलेल्याला अश्वत्थामा वाट दाखवतो आणि बदल्यात जखमेवर घालायला तेल मागतो, अशी तिकडची श्रद्धा. व्यासांनी शाप तीन हजार वर्षांचा सांगितलाय, पण लोकांच्या मनात तो अजून फिरतोच आहे.

आजी आमच्याकडे दिव्याला राहायला आली तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. शनिवारी सकाळी चाळीत एक माणूस यायचा. हातात डालड्याच्या डब्याला तार लावून केलेली बादली, तिच्यात तेल आणि तेलात उभी काळी शनीची मूर्ती. सगळे त्याला शनीवाला म्हणायचे. आजी मात्र स्टीलच्या वाटीत तेल घेऊन उंबऱ्यावर उभी राहायची आणि त्याच्या बादलीत ओतताना त्याच्या कपाळाकडे बघायची. दर शनिवारी. मी विचारलं तर म्हणाली, कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही बाबा, तेल मागतोय ना, द्यायचं. तो माणूस फेटा कपाळावर खाली ओढून बांधायचा, त्यामुळे माझी तर खात्रीच पटली होती. त्या बादलीचा तेलकट काळा काठ मला आजही जसाच्या तसा दिसतो.

तलावपाळीकर, तुम्ही म्हणालात शिरायला फट लागते. भैरवाची फट हावेची आहे, मान्य. पण गोष्टीतल्या अश्वत्थाम्याची फट तर उघडी आहे, कपाळावरच. मणी काढला तिथली न भरणारी जखम. सिनेमात मण्याचं काहीही करोत, हजारो वर्षं भळभळणारी ती जागा आपल्या मनातून जात नाही. कली बारा वर्षं नळाच्या दाराशी बसू शकतो, तर या माणसाच्या मागे तो हजारो वर्षं चालत आला नसेल कशावरून? थकलेला आहे, एकटा आहे, सगळे सोबती मेलेत आणि एकदा त्याच्या हातून गर्भावर अस्त्र सुटलेलंच आहे. दुसऱ्या भागात सुमतीवर उठणारा हात यास्किनचा नसेल, अश्वत्थाम्याचा असेल. मला असं होऊ नये असं वाटतं. पण तसं झालं तर त्याच्याइतका मोठा खलनायक आपल्या सिनेमाने पाहिलेला नसेल.

तलावपाळीकर (ठाणे) | शनिवार, दुपारी २.००

भैरव मागे घेतो. हे बरोबर आहे. माझ्या पूर्ण अंगावर काटा आलाय.

जुना वाचक (नौपाडा) | शनिवार, दुपारी २.४०

अमिताभ यांना हे साधेल. ज्या डोळ्यांनी त्यांनी पहिल्या भागात सुमतीकडे पाहिलं, तेच डोळे फिरले तर बघवणार नाही.

लॅबवाली (कळवा) | शनिवार, दुपारी ४.५०

झोपायला गेले आणि झोप आली नाही.

मग सुमतीने विश्वास कुणावर ठेवायचा? पहिला भागभर ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. यास्किनची लॅब, शंभलची माणसं, अश्वत्थामा, भैरव. प्रत्येकाला तिचं पोट हवंय, कुणाला अर्कासाठी, कुणाला देवासाठी. आता राखणदारही फिरणार असेल तर तिने एकटीने काय करायचं?

दिव्याची गाडी (दिवा, ठाणे) | शनिवार, संध्याकाळी ५.१५

ताई, मी लिहिताना हाच विचार करत होतो. तिने त्याला तेल द्यावं.

खरंच सांगतोय. इतकी वर्षं तो दारोदार मागतोय. त्याच्याशी लढणारे झाले, त्याला शाप देणारे झाले, त्याच्याकडून राखण करवून घेणारेही झाले. त्याच्या जखमेला हात कुणी लावलेला नाही. कली त्याच्या कपाळाशी पोचलेला असताना सुमतीने वाटीभर तेल घेऊन समोर यावं आणि बोटाने ती जागा भरावी. तिने, कारण तो जिच्यावर उठला होता ती उत्तराही आईच होती.

लॅबवाली (कळवा) | शनिवार, संध्याकाळी ५.२२

हे चालेल मला. आणि त्या वेळी तिने त्याला नावाने हाक मारावी. काय रे अश्वत्थामा, दुखतंय का, एवढंच.